बोट थांबते, माणूस थांबत नाही

तीन आठवड्यांची कंबरदुखी घेऊन एक काकू माझ्या दवाखान्यात आल्या. स्टुलावर नीट बसताही येत नव्हतं. कडेला टेकल्या आणि दोन्ही हात मांड्यांवर रोवून धड कसंबसं तोलून धरलं. "धानाचे भारे उचलले न् कंबर धरली जी," म्हणाल्या. वैनगंगेकाठच्या आमच्या भागात हिवाळ्यात हे वाक्य दिवसातून दहादा ऐकू येतं. पण पाठीच्या मध्यावरचा एक मणका बोटानं दाबला तशा त्या कळवळल्या. भारा उचलून धरलेली कंबर अशी एका बोटाएवढ्या जागी दुखत नाही. मी विचारलं, "काकू, मधे कुठं पडला होतात का?"

"नाही जी. पडली कुठं? बोटीत बसल्या बसल्या जराशीक आपटली, तेवढंच. ते काय पडणं होय?"

बचत गटाच्या बायका मुंबई बघायला गेल्या होत्या. घारापुरीची लेणी पाहून परतताना त्यांची लाँच गेटवेच्या धक्क्याजवळ उभ्या असलेल्या दुसऱ्या लाँचवर आदळली. उतरायची घाई होती, निम्म्याहून अधिक जणी पिशव्या सावरत उभ्या राहिल्या होत्या. काकू मागे गेल्या आणि फळ्यांवर धाडकन बुडावर बसल्या. सगळ्या हसल्या, त्याही हसल्या. रात्री विदर्भ एक्स्प्रेसनं पंधरा तास बसून घरी आल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात गेल्या. एक्स-रे काढला तेव्हा कमरेचा पहिला मणका पुढच्या बाजूनं दबलेला निघाला.

बोटीचा अपघात म्हटलं की आपल्याला बुडणंच आठवतं, आणि ते साहजिक आहे. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' बोटीला, इंजिनाची चाचणी चालू असलेल्या नौदलाच्या स्पीडबोटीनं धडक दिली. त्यात १५ माणसं गेली. आपल्याकडे सप्टेंबर २०२१ मध्ये वरूड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत डोंगा उलटून ११ जण गेले. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातल्या बाया मिरची तोडायला वैनगंगा ओलांडताना बुडाल्या. त्यामुळे अशी बातमी आली की लोक मला लाइफ जॅकेटबद्दल विचारतात, पोहण्याबद्दल विचारतात. पडण्याबद्दल कोणी विचारत नाही. आणि धडक होऊनही बोट बुडाली नाही, तर जखमी होणारी बहुतेक माणसं बोटीतच पडून जखमी होतात. त्यांची नावं पेपरात 'किरकोळ जखमी' या दोन शब्दांत संपतात. या दोन शब्दांआड काय काय असतं, ते इथे सांगतो.

धडकेत शरीराचं काय होतं

एसटीत उभे आहात आणि रस्त्यात म्हैस आली म्हणून ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. पाय बससोबत थांबतात, वरचं अंग पुढे जातच राहतं. चालती वस्तू आपण होऊन थांबत नाही, या गुणाला जडत्व म्हणतात. बोटीच्या धडकेत हेच घडतं, पण तीन गोष्टी एसटीहून वाईट असतात.

पहिली ही की बोटीला ब्रेक नसतो. एसटी काही मीटर घसटत थांबते, तेवढ्यात हात दांडीकडे जातो. बोट धक्क्यावर किंवा दुसऱ्या बोटीवर आदळते तेव्हा तिचा वेग डोळ्याची पापणी लवेपर्यंत उतरतो. दुसरी ही की समोर सीटची पाठ नसते. लाकडी लाँचमध्ये बाकं बऱ्याचदा कडेनं असतात, मधे मोकळी जागा असते. माणूस त्या मोकळ्या जागेतून गडगडत जातो आणि त्याला थांबवतात ते लोखंडी खांब, कठडा, जिन्याची धार किंवा शेजारचा माणूस. तिसरी, बोट आदळून मागे उसळते. पहिल्या हिसक्यात पडलेले लोक उठायला जातात आणि दुसऱ्या हिसक्यात उलट्या दिशेला पडतात. म्हणून आदळल्यावर लगेच उठू नये. जिथे पडलात तिथेच काहीतरी धरून बसावं आणि बोट स्थिर होऊ द्यावी.

वेगाबद्दल एक गैरसमज आहे. बोटीचा वेग नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. बारा नॉट म्हणजे ताशी साधारण २२ किलोमीटर, म्हणजे सायकल जोरात हाणली तर गाठता येईल असा वेग. लोक म्हणतात, एवढ्यानं काय होतं? आता दुसरा हिशेब बघा. उभा माणूस जागच्या जागी कोसळला तर त्याचं डोकं जमिनीवर ताशी २० किलोमीटरच्या घरातल्या वेगानं आदळतं. म्हणजे नुसतं उभ्यानं पडणंही डोक्यासाठी लहान नाही. त्यात बोटीचा वेग मिसळला आणि खाली मातीऐवजी लोखंड असलं तर काय होईल, ते सांगायला नको.

कोणत्या बोटीत आहात यावरही पुष्कळ अवलंबून असतं. धानाच्या पोत्यांनी भरलेला ट्रॅक्टर आणि सायकल समोरासमोर भिडले तर ट्रॅक्टरवाल्याला जेमतेम हादरा बसतो. हलक्या वाहनाचा वेग जास्त बदलतो, म्हणून त्यातला माणूस जास्त फेकला जातो. अवाढव्य जहाजाच्या पोटात चहा पिणाऱ्याचा कपही हिंदकळणार नाही, त्याच वेळी छोट्या बोटीत हाडं मोडलेली असतील.

सगळ्यात धोक्याची वेळ: उतरण्याआधीची दोन मिनिटं

९ जानेवारी २०१३ ला न्यूयॉर्कमध्ये 'सीस्ट्रीक वॉल स्ट्रीट' नावाची फेरी धक्क्याला लागताना बाराएक नॉट वेगानं धक्क्यावर आदळली. आत ३०० हून अधिक माणसं होती. बोट बुडाली नाही, कोणी दगावलं नाही. तरी ८० च्या आसपास माणसं जखमी झाली, त्यातली चार गंभीर. सकाळची कामावर जायची वेळ होती. लोक उतरण्यासाठी रांगेत उभे होते, काही जिन्यात होते. धक्क्याला लागताना प्रवाशांना जिन्यावर उभं राहू देण्याच्या प्रश्नाकडे तपास करणाऱ्यांनी लक्ष वेधलं.

याच शहरातली 'अँड्र्यू बार्बेरी' ही मोठी फेरी ऑक्टोबर २००३ मध्ये धक्क्याच्या बांधकामावर घुसली होती, तेव्हा ११ माणसं गेली. तीच बोट मे २०१० मध्ये पुन्हा धक्क्यावर आदळली. या वेळी जीव कोणाचा गेला नाही, पण पडून-आदळून अनेकांना दवाखान्यात न्यावं लागलं.

आपल्या लोकांनाही ही घाई असते. एसटी थांबण्याआधी पिशवी काखेत मारून दाराशी उभं राहणं आपल्या हाडीमाशी भिनलं आहे. बोटीत ते करू नका. दोर बांधला जाईपर्यंत, खलाशी 'उतरा' म्हणेपर्यंत बसून राहा. म्हाताऱ्या माणसाला आणि लेकराला जिन्याजवळची जागा घेऊ देऊ नका. पिशवी मांडीवर नको, पायाशी असू द्या. दोन्ही हातांत सामान असलं की पडताना हात टेकत नाहीत आणि सगळा मार तोंडावर येतो.

पण काकू तर बुडावर बसल्या होत्या, मणका कसा दबला?

पाठीचा कणा म्हणजे एकावर एक रचलेली मणक्यांची उतरंड. छातीचा भाग बरगड्यांनी जखडलेला असतो, कंबर मोकळी असते. ताठ भाग आणि मोकळा भाग जिथे मिळतात तिथे सगळा झटका एकवटतो, म्हणून छातीचा शेवटचा आणि कमरेचा पहिला मणका सगळ्यात आधी दबतो. माणूस बुडावर जोरात बसला की खालून वर दणका जातो, वरून धडाचं वजन येतं आणि तो मणका पुढच्या बाजूनं चेमटतो. काडेपेटी एका कडेनं चिमटीत दाबल्यासारखा. याला कॉम्प्रेशन फ्रॅक्चर म्हणतात. पुढे मी त्याला 'दबलेला मणका' म्हणेन.

पाळी गेलेल्या बायकांची हाडं आतून विरळ होत जातात. लाकूड बाहेरून धड दिसावं आणि आतून वाळवीनं पोखरलेलं असावं, तसं. त्यांना फार मोठा मारही लागत नाही. पण हे फक्त म्हाताऱ्यांचंच असतं असं समजू नका. जपानमध्ये पाण्यावर उचलून धावणाऱ्या वेगवान बोटी आहेत. मार्च २०१९ मध्ये सादो बेटाजवळ अशी एक बोट बहुधा देवमाशाला धडकली आणि ८० हून अधिक माणसं जखमी झाली. त्यातले बहुतेक आपापल्या खुर्चीत बसलेले प्रवासी होते. अशा बोटींमध्ये पट्टा बांधायला सांगतात तो उगाच नाही.

दबलेल्या मणक्याचं दुखणं फसवं असतं. पहिल्या दिवशी ठणका मारतो आणि मग माणूस सवय करून घेतो. उभं राहिलं, वाकलं, खोकललं की दुखतं. आडवं झालं की बरं वाटतं. त्यामुळे 'आराम केला की थांबते' असं सांगितलं जातं आणि ऐकणाराही निश्चिंत होतो. पायात मुंग्या येत असतील, पाय जड पडत असतील, लघवी अडकत असेल किंवा कळत नसेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. तिथे मणक्याचा तुकडा मागे सरकून मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो.

डोक्याला लागलं, पण शुद्धीवर आहे. मग काय भीती?

मला सगळ्यात जास्त काळजी याच माणसाची वाटते.

कवटीच्या आत मेंदू तरंगत असतो. कवटी थांबते, मेंदू थांबत नाही. बोटीत माणसाचं झालं तेच डोक्याच्या आत मेंदूचं होतं. मेंदू हलला की त्याला वेढणाऱ्या पडद्याशी जोडलेल्या बारीक शिरा ताणल्या जातात, कधी तुटतात. वयानं मेंदू थोडा आकसतो, त्या शिरा आधीच ताणलेल्या असतात. म्हणून म्हाताऱ्या माणसाला लहानसा मारही पुरतो. रक्त थेंबाथेंबानं साठत जातं, पडद्याखाली. याला सबड्युरल रक्तस्राव म्हणतात. हा रक्तस्राव कधी तासाभरात जीव घेतो, तर कधी दोन-तीन आठवडे गुपचूप वाढतो.

तो गुपचूप वाढणारा ओळखणं घरच्यांच्या हातात असतं. डोकं रोज थोडं जास्त दुखतं. माणूस झोपाळू होतो, बोलताना शब्द चुकतो. चालताना एकीकडे झोक जातो, एका पायातली चप्पल निसटते आणि त्याला कळतही नाही. घरचे म्हणतात, वय झालं. बऱ्याचदा तोवर बोटीचं कोणाला आठवतही नसतं. हे वेळेत कळलं तर कवटीला लहान छिद्र पाडून साठलेलं रक्त काढतात आणि पुष्कळ माणसं पुन्हा चालायला-बोलायला लागतात.

सीटी स्कॅन कोणाचा करायचा, याचे डॉक्टरांचे ठरलेले निकष आहेत. वय ६५ किंवा त्याहून जास्त, दोन किंवा अधिक उलट्या, दोन तासांनंतरही पूर्ण भानावर नसणं, अपघाताआधीचा अर्धा तास किंवा त्याहून अधिक काळ न आठवणं, तीन फुटांवरून किंवा पाच पायऱ्यांवरून पडणं. बोटीच्या जिन्यावरून गडगडलेला माणूस या शेवटच्या निकषात सहज बसू शकतो. शिवाय जो रक्त पातळ करायची गोळी घेतो, हृदयात झडप बसवलेला, पूर्वी लकवा येऊन गेलेला, त्याची गोळी डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. नाव आठवत नसेल तर गोळ्यांचं पाकीटच पुढे ठेवा.

'डोक्याला मार लागलेल्याला झोपू द्यायचं नाही' असं सांगणारे घरोघरी आहेत. झोपू द्या. पहिल्या रात्री दोन-दोन तासांनी उठवा, नाव-गाव विचारा, दोन्ही हात उचलायला सांगा. उठत नसेल किंवा भलतंच बोलत असेल तर दवाखाना गाठा. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालते. इतर वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, त्यांतल्या काही रक्तस्राव वाढवतात. सीटीच्या किरणांची धास्ती घेणारेही भेटतात. निकषात बसणाऱ्या माणसाच्या डोक्यात रक्त आहे की नाही हे न कळणं, हा त्याहून कितीतरी मोठा धोका आहे.

बरगड्या, पोट, आणि आपल्या भागातली एक वेगळी गोष्ट

कठड्यावर छाती आदळली की बरगडी तडकते. ती आपोआप जुळते, तिला प्लॅस्टर नसतं. पण दुखतं म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. मग छातीत कफ साठतो आणि निमोनिया होतो. म्हाताऱ्या माणसाला बरगडी मारत नाही, हा निमोनिया मारतो. म्हणून छातीला घट्ट कापड गुंडाळू नका. दुखणं कमी करणारं औषध पुरेसं घ्या आणि तासातासाला दहा खोल श्वास घ्या. आंबेहळदीचा लेप लावायचा तर लावा, त्यानं नुकसान नाही. पण लेप लावला म्हणून श्वासाचा व्यायाम सोडू नका.

डाव्या बाजूच्या खालच्या बरगड्यांआड पाणथरी, म्हणजे प्लीहा, असते. विदर्भात हिच्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं, आणि मुंबईच्या डॉक्टरला ते चटकन सुचेलच असं नाही. आपल्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण पुष्कळ आहेत. आफ्रिकी वंशाच्या रुग्णांमध्ये या आजारात पाणथरी बहुधा लहानपणीच सुकून जाते, पण मध्य भारतातल्या रुग्णांमध्ये ती बऱ्याचदा मोठी होऊन तशीच राहते. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात वारंवार मलेरिया झालेल्यांचीही पाणथरी वाढलेली असू शकते. वाढलेली पाणथरी बरगड्यांच्या आडोशाबाहेर येते, तिला साध्या मारानंही चीर पडते. वरून काही दिसत नाही. पोट दुखतं, चक्कर येते, घाम सुटतो, कधी डाव्या खांद्यात कळ येते. खांद्याला लागलेलंच नसतं, तरी दुखतं. अशा माणसाला चहा-पाणी पाजत बसू नका, थेट दवाखान्यात न्या. ऑपरेशन लागू शकतं आणि त्यासाठी पोट रिकामं असलेलं बरं.

सिकलसेलच्या रुग्णाला आणखी एक धोका असतो. तो पाण्यात पडला, गारठला, त्याला श्वास कमी पडला, तर हाडं फोडणाऱ्या वेदनांचा झटका येऊ शकतो. ओले कपडे लगेच उतरवा, कोरडं गुंडाळा. प्रवासाला जाताना सिकलसेलचं कार्ड घरी ठेवू नका.

जागेवर काय करायचं

बोट बुडत नसेल, आग नसेल, तर मान किंवा पाठ दुखणाऱ्याला ओढून उठवू नका. हात देऊन उठवणं ही आपली माया आहे, पण मोडलेल्या मानेला ती भोवते. डोकं जसं आहे तसं दोन्ही हातांनी स्थिर धरा, आडवंच राहू द्या. बोट बुडत असेल तर मात्र जीव आधी, मणका नंतर. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड ठेवून घट्ट दाबा आणि दर मिनिटाला उचलून बघू नका. रक्त गेलेला माणूस ओला आणि गार राहिला की त्याचं रक्त गोठायचं बिघडतं, म्हणून पांघरूण हेही औषधच आहे. पाण्यात बुडून वर आलेल्याला खोकला किंवा दम लागत असेल, तर तो कितीही 'ठीक आहे' म्हणाला तरी काही तास दवाखान्यात देखरेखीखाली राहिला पाहिजे.

उचलावंच लागलं तर चौघांनी मिळून, डोकं-खांदे-कंबर-पाय एका रेषेत ठेवून, ओंडका वळवावा तसं एकदम वळवायचं आणि सपाट फळीवर घ्यायचं. आपल्याकडे रुग्णाला बाजेवर नेतात. बाजेला झोळ असतो, त्यात कणा वाकतो. बाजच असेल तर तिच्यावर दाराची फळी टाका. १०८ ची ॲम्ब्युलन्स फुकट येते. ती बोलवा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत धक्के खात नेऊ नका.

अंगात खूप रक्तस्राव होत असेल तर ट्रानेक्झॅमिक ॲसिड नावाचं स्वस्त इंजेक्शन उपयोगी पडतं. २०१० मध्ये ४० देशांतल्या २०,००० हून अधिक जखमींवरच्या अभ्यासात ते सिद्ध झालं. अट एकच, ते पहिल्या तीन तासांत द्यावं लागतं. उशिरा दिलं तर फायदा तर नाहीच, उलट नुकसान होऊ शकतं. बाळंतपणातल्या रक्तस्रावासाठीही ते वापरतात, म्हणून ते मिळण्यासाठी मोठ्या शहरापर्यंत जावं लागतंच असं नाही. 'थेट नागपूरलाच नेऊ' म्हणत जवळचा दवाखाना ओलांडून जाण्याआधी हे तीन तास आठवा.

"एक्स-रे तर नॉर्मल आला होता"

येऊ शकतो. पडताना माणूस तळहात टेकतो आणि अंगठ्याच्या मुळाशी मनगटातलं एक छोटं हाड तडकतं. पहिल्या एक्स-रेत ती चीर कित्येकदा दिसतच नाही. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळग्यात दाबून दुखत असेल तर हात बांधून ठेवतात आणि दहा-चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढतात. या हाडाला रक्त कमी मिळतं. दुर्लक्ष झालं तर ते जुळत नाही आणि मनगट कायमचं दुखतं. विळा धरणाऱ्या हाताला हे परवडत नाही.

"आमचा हाडवैद चांगला आहे"

असेल. साध्या मुरगळलेल्या पायाला त्याच्या हातानं आराम पडलेला मीही पाहिला आहे. पण फोटो काढल्याशिवाय आत काय मोडलं हे त्याला कळत नाही, मलाही कळत नाही. पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला उभं राहता येत नसेल, एक पाय आखूड होऊन बाहेर वळला असेल, तर खुब्याचं हाड मोडलं आहे. तो पाय ओढून बसवण्याचा नाही. आणि मणक्यावर पाय देऊन 'मोकळं' करणं तर कधीच नको.

"या वयात ऑपरेशन कशाला?"

हा प्रश्न मायेपोटी येतो, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. खुबा मोडलेल्या आजीला ऑपरेशन न करता खाटेवर ठेवलं तर हाड जुळायला महिने लागतात, नीट जुळेलच असंही नाही. तोवर पाठीला जखमा होतात, छातीत कफ भरतो, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होते. ती खुब्यानं जात नाही, खाटेवर पडून राहिल्यानं जाते. म्हणून शक्य तर दोन दिवसांच्या आत ऑपरेशन करून तिला वॉकर धरून उभं करायचं. धोका ऑपरेशनमध्येही आहे, पण खाटेवर तो जास्त आहे. पैशांचं म्हणाल तर आधी महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला गाठा, आधार आणि रेशन कार्ड सोबत न्या.

"लाइफ जॅकेट घातलं होतं ना"

घालायलाच हवं, बसल्या क्षणापासून, फीत बांधून. ते पाण्यावर तरंगवतं, डोक्याला आणि मणक्याला मात्र वाचवत नाही. आणखी एक: उंचावरून पाण्यात उडी मारायची वेळ आली तर दोन्ही हात छातीवर आडवे घेऊन जॅकेट खाली धरून ठेवा. नाहीतर पाण्याला लागताच ते वर उसळून हनुवटीवर आदळतं.

"आमच्याकडे समुद्र कुठे आहे?"

नाही. पण मार्कंड्याच्या जत्रेला जाणारे वैनगंगा ओलांडतात, लेकरं खिंडसीच्या तलावात बोटीत बसतात, बचत गट मुंबईला जातात. आणि धडक मुंबईत झाली तरी दुखणं गावात उघडं पडतं, दोन-तीन आठवड्यांनी, जिथे बोटीबद्दल विचारायचं कोणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून पडलात तर तिथल्याच दवाखान्यात दाखवा आणि पोलीस नोंदीसह कागद घ्या. तिकीट फेकू नका. भरपाईचा प्रश्न आला तर तोच पुरावा असतो. आणि गावात आल्यावर डॉक्टरांना पहिल्यांदा तेच सांगा: मी पडलो होतो.

काकूंना पट्टा दिला, दुखणं कमी करायचं औषध दिलं, हाडांचं औषध सुरू केलं. मणक्याचा तुकडा मागे सरकला नव्हता, म्हणून ऑपरेशन लागलं नाही. दोन-चार दिवस आराम, मग थोडं थोडं चालायचं, तीन महिने भारा उचलायचा नाही. त्यांना हे पटायला वेळ लागला. धान बांधीत पडून होतं.

जाताना मी विचारलं, त्या बोटीत तुमच्यासोबत किती जणी होत्या? एकोणीस, म्हणाल्या. त्यांच्याकडून नंबर घेतले आणि संध्याकाळी एकेकीला फोन लावत बसलो. बहुतेक जणी ठणठणीत होत्या. एकीचं मनगट अजून दुखत होतं, तिला बोलावलं. सतराव्या फोनवर सून बोलली. सासूबाई बऱ्या आहेत म्हणाली. बोटीत पडल्या होत्या, डोकं खांबाला लागलं होतं, पण तेव्हा काही झालं नव्हतं.

"आता कशा आहेत?"

"बऱ्या आहेत जी. डोकं दुखते म्हणते रोज, झोपूनच रायते. न् चालताना एका पायातली चप्पल मागेच राहते तिची."

मी म्हटलं, ताई, फोन ठेवा आणि आत्ताच १०८ लावा.